देवळासाठी नवीन पुजारी नेमायचाय, तुमच्याकडे हे कोण ठरवतं?

काळाचौकीकर
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमच्या चाळीत (चाळ म्हणायची सवय आहे हो, खरं तर २२ मजली टॉवर झालाय) विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे. गिरणी कामगारांनी वर्गणी काढून बांधलेलं, रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डरने गेटजवळ जागा दिली आणि मूर्ती पुन्हा तिथे बसवल्या. आमचे गुरुजी १९८० पासून पूजा करत होते, संगमेश्वरकडचे. १९८२ च्या संपात कोणाच्याच घरात पैसा नव्हता तेव्हा त्यांनी दक्षिणा घेतली नाही, एकेका बिऱ्हाडात पाळीने जेवायचे आणि पूजा करायचे, त्यामुळे त्यांच्याबद्दल आजही कोणी वाकडा शब्द काढत नाही. पण गुडघे गेले, दिवाळीनंतर गावी गेले ते आता परत येणार नाहीत.

प्रश्न त्यांच्या मुलाचा आहे. तो ऐरोलीला आयटीत, राहतो घणसोलीला. त्याचं म्हणणं वहिवाट आमची आहे, रोजच्या पूजेला मी एक मुलगा पगारावर ठेवतो आणि एकादशीला स्वतः येतो. कमिटीत आम्ही सात जण. दोघं म्हणतात मुलालाच द्या, गुरुजींचे उपकार आहेत. तिघं म्हणतात रीतसर जाहिरात द्या, मुलाखती घ्या. एका काकांचं म्हणणं की बाहेरून माणूस आणायचाच कशाला, भजनी मंडळाचे विणेकरी आबा तीस वर्षं काकडा करतायत, त्यांनाच सांगा. सातवा मी. सेक्रेटरी, म्हणजे पद गळ्यात पडलंय. गाभाऱ्याची एक किल्ली माझ्याकडे आणि एक त्या मुलाकडे, आणि दोन मीटिंगा फक्त त्या किल्लीवरून भांडण्यात गेल्यात.

तर तुमच्या देवळात, चर्चमध्ये, मशिदीत, विहारात हे कसं चालतं? कोण नेमतं, किती वर्षांसाठी, आणि नाही पटलं तर काढतं कोण? सगळ्या धर्माच्या लोकांनी सांगा, आमच्या कमिटीला वाटतं जगात हा प्रश्न पहिल्यांदा त्यांनाच पडलाय.

व्हय_म्हाराजा
अरे सोपा आसा, देवाक कौल लावा आणि मोकळे व्हा!

मस्करी सोड. आमच्या गावी (सिंधुदुर्ग) गुरव आहेत, पिढ्यान्‌पिढ्या त्यांचीच पूजा. चार भावांची चार घरं झाली तशी वर्षाची पाळी लावून घेतली, ज्याची पाळी त्याचं त्या वर्षाचं उत्पन्न आणि त्या वर्षाची कटकट पण त्याचीच. त्यांना कोणी 'नेमत' नाही, जन्माला आला की नेमला. गावकर, मानकरी वेगळे, गाऱ्हाणं घालायचा मान कोणाचा ते पण ठरलेलं. आणि काही अडलं तर कौल. देवाच्या पाषाणावर तांदूळ नाहीतर कळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा, उजवीकडची पडली की हो, डावीकडची पडली की नाही (गावागावात उलटसुलट असतं).

लहानपणी माका हे लय भारी वाटायचं, देव स्वतः सांगतो म्हणून. मग एकदा आजोबा बोलले की अरे कळ्या लावता कोण? गुरव. मग गुरवाच्या पाळीचो वाद कौलान कसो सुटतलो?

बावखल
मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडे तुमचे सगळे वाद एका पत्रात मिटतात 😄

धर्मग्रामाचे (म्हणजे पॅरिशचे) फादर कोण हे बिशप ठरवतात. आम्हाला कोणी विचारत नाही. आहे त्या फादरांची बदली झाली, नवीन अमुक अमुक येणार एवढंच आम्हाला कळतं, मग सेंडऑफची तयारी, बायकांचा ग्रुप रडतो, आणि नवीन फादर आले की महिनाभरात 'आधीचे बरे होते' सुरू. पॅरिश कौन्सिल असते पण ती सल्ला द्यायला, तिचं मत बंधनकारक नसतं. पैशाचे हिशोब बघायला फायनान्स कमिटी असावीच लागते असा चर्चचा नियम आहे.

बिशपचं तर अजूनच लांबून. पोपचे राजदूत दिल्लीत असतात, ते गुपचूप लोकांकडे चौकशी करतात, तीन नावांची यादी रोमला जाते, पोप एक निवडतात. वसईचा धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईतून वेगळा झाला तेव्हापासून आम्ही बिशप असेच बघतोय. आमचा एकच फायदा म्हणजे फादरांचा मुलगा हा प्रश्नच येत नाही, हे तुम्हाला आता पटेल. आणि दुसरं, वय. ७५ झालं की बिशपने राजीनामा पाठवायचा असतो, तो स्वीकारायचा कधी ते पोपच्या मर्जीवर. पोप निवडायलाही ८० च्या आतलेच कार्डिनल लागतात. २०२५ च्या मे महिन्यात १३३ कार्डिनलांनी मतदान केलं ना, त्यात आपले मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस मत देऊ शकले नाहीत, कारण आदल्या डिसेंबरमध्ये त्यांना ८० पूर्ण झाली होती. आमच्या पप्पांना याचं फार वाईट वाटलं, जणू काही ते स्वतः निवडून येणार होते आणि कोणीतरी यादीतून नाव कापलं.

शेड्यूल_वन
काळाचौकीकर, रागावू नका पण उलटा प्रश्न विचारतो. पुजारी कोण नेमणार हे नंतर बघू, तुम्हा सात जणांना कोणी नेमलंय?

मी वीस वर्षं एका सीएंच्या ऑफिसात ट्रस्टचीच कामं केली, वरळीच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात इतक्या चपला झिजवल्यात की शिपाई चहा विचारायचा. तुमचं देऊळ १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेलं असणार. तिथून शेड्यूल वनचा, म्हणजे ट्रस्टच्या नोंदीचा, उतारा काढा. त्यात ज्यांची नावं तेच ट्रस्टी. कोणी वारलं, कोणी राजीनामा दिला, नवीन माणूस घेतला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, कलम २२. नव्वद टक्के देवळांत तो दिलेलाच नसतो (हा आकडा माझ्या टेबलावरचा, सरकारी नाही). मग होतं असं की कमिटी दिमाखात पुजारी नेमते किंवा काढते, पुजारी वकील करतो, वकील पहिला प्रश्न हाच विचारतो जो मी आत्ता विचारला.

हे काही आजचं नाही. आपल्या मुंबईतच पारशी पंचायतीची प्रसिद्ध केस आहे, निकाल १९०८ चा. दावा लावणाऱ्यांचं एक म्हणणं असं की पारशी धर्म स्वीकारलेल्या बाहेरच्या माणसालाही अग्यारी आणि दोखम्याचा (मृतदेह ठेवायच्या मनोऱ्याचा) हक्क मिळावा. टाटांच्या घरातल्या एका फ्रेंच सुनेमुळे हा विषय पेटला होता. आणि दुसरं म्हणणं असं की हे ट्रस्टीच मुळात नियमाप्रमाणे नेमलेले नाहीत. न्यायमूर्ती दावर (स्वतः पारशी) आणि बीमन यांच्यापुढे केस चालली. पहिल्या मुद्द्यावर दावेवाले हरले, सगळ्या जगाला तोच मुद्दा आठवतो. पण दुसऱ्यावर जिंकले! कोर्टाने सांगितलं नेमणुका बरोबर नाहीत. त्याआधी एखादी जागा रिकामी झाली की उरलेले ट्रस्टीच आपल्यातला माणूस घ्यायचे, मग निवडणुकीची पद्धत आली, पण मतदार म्हणजे ठराविकच लोक. सगळ्या प्रौढ पारशांना मत मिळालं थेट २००८ मध्ये. म्हणजे शंभर वर्षं मोजा.

आता मुलाच्या वहिवाटीचं. पिढीजात हक्क नुसता म्हणून होत नाही, सिद्ध करावा लागतो. गुरुजी १९८० ला आले तेव्हा कमिटीने पगारावर ठेवले असतील तर ते नोकरीत होते, नोकरी काही मुलाला वारशाने जात नाही. १९७२ ला तामिळनाडूच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की अर्चकाची नेमणूक ही लौकिक बाब आहे, ट्रस्टी करतात, पूजा कशी करायची ती धार्मिक बाब. तिथे तर कायदा करून वंशपरंपरा काढून टाकली होती. पंढरपूरचं तुम्हाला माहीतच असेल, १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे, म्हणजे तिथल्या पिढीजात पुजाऱ्यांचे, हक्क गेले, ते कोर्टात लढत राहिले आणि शेवटचा निकाल आला जानेवारी २०१४ मध्ये. त्याच वर्षी मंदिर समितीने जाहिरात देऊन मुलाखती घेतल्या, सगळ्या जातींतले लोक आले, बायकाही आल्या. तुमचा विठोबाच आहे म्हणून मुद्दाम सांगितलं. फक्त मीटिंगमध्ये कोणी सिद्धिविनायकाचं उदाहरण दिलं तर त्याला खाली बसवा, तिथे १९८० चा वेगळा कायदा आहे, ट्रस्टी सरकार नेमतं.

काळाचौकीकर
शेड्यूल_वन काका, बोलती बंद केलीत. उतारा नव्हता पण जुन्या ट्रंकेत झेरॉक्स सापडली. पाच नावं आहेत. तिघे वारले, एक विरारला गेले आणि तेही बहुतेक... चौकशी करतोय. पाचवे हयात आहेत, वय ८८, ते मीटिंगला येत नाहीत कारण त्यांना वाटतं कमिटी केव्हाच बरखास्त झाली.

म्हणजे मी सेक्रेटरी आहे की नाही?

शेड्यूल_वन
वर्गणी गोळा करण्यापुरते आहात 🙂

भेंडीबाजार_रिटर्न
आमचं भेंडी बाजारात तीस वर्षं दुकान होतं (क्लस्टरमध्ये गेलं), शेजारी सगळे बोहरी, त्यामुळे त्यांचं जवळून बघितलंय. त्यांच्यात इलेक्शन नाही, मुलाखत नाही. आधीचे सय्यदना (त्यांचे सर्वोच्च धर्मगुरू) हयात असताना पुढच्याचं नाव जाहीर करतात, त्याला नस म्हणतात. एकदम साफ सिस्टीम वाटते ना? जानेवारी २०१४ मध्ये ५२वे सय्यदना बुरहानुद्दीन गेले, आख्खी मुंबई लोटली होती, आणि मग दोन दावे आले. मुलगा म्हणाले नस माझ्यावर केली, आणि सावत्र भाऊ म्हणाले १९६५ मध्येच खासगीत माझ्यावर केली होती. केस हायकोर्टात. दावा लावणारे ते सावत्र भाऊ २०१६ ला वारले, त्यांच्या मुलाने पुढे चालवली. एप्रिल २०२४ मध्ये निकाल, दावा फेटाळला. दहा वर्षं! आणि जज गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं की मी फक्त पुरावा बघितला, कोणाच्या श्रद्धेवर निकाल देत नाहीये. ते मला फार आवडलं.

गंमत म्हणजे दुकानातला माल, हिशोब, रोजचं जेवणाचं थाळ, काहीच थांबलं नव्हतं त्या दहा वर्षांत. आमच्या शेजारच्या चाचांना मी एकदा विचारलं तर म्हणाले, "भाई, कोर्ट का काम कोर्ट करेगा, तू डिलिव्हरी भेज."

तुमच्या गुरुजींना फोन करून विचारा ना त्यांच्या मनात काय आहे. साक्षीदार ठेवून विचारा पण.

चिठ्ठीवाला
शबरीमलासारखं करा. तिथे मेलशांती, म्हणजे मुख्य पुजारी, एका वर्षासाठीच असतो आणि चिठ्ठी टाकून निवडतात, पंदळम राजघराण्यातली लहान मुलं चिठ्ठी उचलतात. भानगडच नाही.

बावखल
पण आधी मुलाखती घेऊन यादी बारीक करतात ना, चिठ्ठी शेवटी. म्हणजे तिथेही मुलाखत घेणारी कमिटी आलीच.

चिठ्ठीवाला
हो ते आहे.

ठाण्याची_आजी
नमस्कार. मी बेने इस्रायल, ठाण्यात राहते, नात टाइप करून देत्ये.

आमच्या लोकांत पूर्वी रब्बी नव्हतेच. कोकणात तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली म्हणायचे, तर तिथे कुठला रब्बी. मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग १७९६ ला झालं, सॅम्युएल दिवेकरांनी बांधलं. मग कारभार असा की मुकादम म्हणजे पुढारी, गबई म्हणजे पैसे सांभाळणारा, समाश बाकीची व्यवस्था बघणार आणि हजान प्रार्थना म्हणणार. नावं अर्धी हिब्रू अर्धी आपली, मुकादम शब्द काही यरुशलेमहून आलेला नाही. हजान सुरुवातीला कोचीनहून आले, मग आपलेच शिकले.

ठाण्याचं सिनेगॉग १८७९ चं. माझ्या सासऱ्यांच्या वेळी कमिटीच्या निवडणुकीला एवढी भांडणं व्हायची की दोन भाऊ एकाच बाकावर बसायचे नाहीत. आता भांडायला माणसं कुठे आहेत, सगळे इस्रायलला. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमले की आम्ही खूश. ज्याला म्हणता येतं तो पुढे उभा राहतो, जात्याच कोणी मोठा नाही. तुमच्या त्या आबांबद्दल वाचून बरं वाटलं. तीस वर्षं पहाटे उठणारा माणूस हाताशी असून तुम्ही जाहिरात देताय, कमाल आहे बाबा.

रत्नांग्रीचा_भट
आजी, आदर आहे तुमच्याबद्दल, पण काकडा म्हणणं आणि षोडशोपचार पूजा करणं यात फरक आहे. पुरुषसूक्त पाठ लागतं, संकल्प सोडता यावा लागतो. माझे वडील मुंबईत चाळीस वर्षं पौरोहित्य करत होते, एकेका दिवसात चार सत्यनारायण, घसा बसायचा. शिकलेल्या माणसाची किंमत ठेवा एवढंच म्हणणं आहे. मुलगा आयटीत आहे हा मुद्दा गौण, त्याला येतं का हे बघा.

कन्नमवारनगर
येतं का बघा, हे मान्य. पण मग कोणालाही येऊ शकतं की. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीत कितीतरी बायका पौरोहित्य शिकल्यात. भटसाहेब, परीक्षा घ्या आणि जो पास होईल तो, चालेल? का आडनाव बघून हॉलतिकीट?

आमचं सांगते. विक्रोळीला विहार आहे, भन्ते रोज नसतात. लग्न, नामकरण बौद्धाचार्य लावतात, ते भारतीय बौद्ध महासभेचं ट्रेनिंग घेतलेले असतात (बाबासाहेबांनी १९५५ ला स्थापन केली ती). रोजची वंदना महिला मंडळ घेतं, मीपण घेते. भन्तेंमध्ये मोठं कोण ते वयावर किंवा घराण्यावर नाही, दीक्षा घेतल्यापासून किती वर्षावास (पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम) झाले त्यावर. ६० वर्षांचा माणूस आज भिक्खू झाला तर २५ वर्षांच्या जुन्या भिक्खूला तो वंदन करणार. आणि भगवान बुद्धांनी तर आपल्यानंतर कोणाला नेमलंच नाही, म्हणाले धम्म आणि विनय हाच तुमचा शास्ता.

अर्थात म्हणून आमच्यात भांडणं नाहीत असं नाही हं. विहार कमिटीत अध्यक्षपदावरून जे होतं ते इथे लिहिलं तर धागा उडेल.

पाळकाचा_पोर
प्रोटेस्टंट बाजू कोणीच लिहिली नाही म्हणून थोडक्यात. वडील पाळक होते. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ ला आलं, ते काँग्रिगेशनल लोक, म्हणजे मंडळीने स्वतः आपला पाळक बोलवायचा अशी त्यांची रीत. १९७० ला नागपुरात सहा चर्चेस मिळून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं, आता बिशप आहेत, पाळकाची नेमणूक तेच करतात आणि मंडळी पास्टोरेट कमिटी निवडून देते. मी दोन्ही टोकं घरात बघितली. बदलीची ऑर्डर आली की शाळा बदलायची, आणि कमिटी विरोधात गेली की क्वार्टर्सच्या नळाचं पाणी सुद्धा दुरुस्त होत नाही. वडिलांना एका ठिकाणी सहा महिने तो नळ ठीक करून मिळाला नव्हता. कारण काय, तर निवडणुकीत मतदार यादी तपासायला सांगितली, त्यात गेलेली माणसं होती.

काळाचौकीकर, ज्याला नेमाल त्याची राहायची सोय, पगार, सुट्टी हे आधी कागदावर लिहा. सगळे कोण नेमायचा यावर भांडतात, नेमल्यावर तो माणूस जेवतो कुठे हे कोणी विचारत नाही.

काळाचौकीकर
आभार सगळ्यांचे, अपडेट देतो.

भेंडीबाजारवाले म्हणाले तसं गुरुजींना फोन केला, स्पीकरवर, सातही जण बसलो होतो. विचारलं तुम्हाला १९८० ला कोणी नेमलं? हसायला लागले. म्हणाले मला कोणी नेमलं नाही रे, मी मावसभावाकडे नोकरी शोधायला आलो होतो, आधीच्या पुजाऱ्याला कावीळ झाली, कोणीतरी म्हणालं ह्या पोराला मंत्र येतात, दोन दिवस सांभाळ. ते दोन दिवस अजून चालू होते. मुलाबद्दल विचारलं तर जरा थांबले आणि म्हणाले, त्याला रुद्र येतो, पण पहाटे उठता येत नाही, लहानपणापासून.

मुलगा तेव्हा तिथेच बसला होता. काही बोलला नाही. त्या एकादशीला आला, अभिषेक केला, प्रसादाच्या लाईनीत उभा राहिला आणि जाताना किल्ली मागितली नाही. दिलीही नाही.

ट्रंकेत देवळाची टाइप केलेली घटना पण मिळाली. त्यात एका ओळीत लिहिलंय की पुजारी समिती नेमेल आणि दरमहा साठ रुपये देईल. साठ रुपये कमिटीने ताबडतोब वाचून घेतले, 'समिती' शब्दावर सगळे गप्प. त्यामुळे ठरलंय असं की आधी सर्वसाधारण सभा, टॉवरमधल्या जुन्या भाडेकरूंची यादी करून. (नवीन फ्लॅटवाल्यांना मत द्यायचं का यावर वेगळा धागा काढावा लागेल, त्यातले काही जण आत्ताच विचारतायत पहाटेच्या काकड्याचा आवाज कमी होईल का.) मग ट्रस्टी, मग चेंज रिपोर्ट, मग पुजारी. तोवर सकाळी आबा आणि संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, त्यांना विष्णुसहस्रनाम पाठ आहे. भटसाहेब, संकल्पाचं तुम्ही आबांना शिकवायला याल का? मनापासून विचारतोय, येण्याजाण्याचा खर्च देऊ.

रत्नांग्रीचा_भट
खर्च नको. रविवारी येतो. पुरुषसूक्ताचं पुस्तक मोठ्या टायपातलं घेऊन ठेवा, आबांचं वय काय?

काळाचौकीकर
७४. बिशप असते तर रिटायर व्हायला एक वर्ष राहिलं असतं.

शेड्यूल_वन काका, मंगळवारी वरळीला जातोय. तीन ट्रस्टींचे मृत्यूचे दाखले लागतील ना? दोन मिळालेत. तिसऱ्यांचा मुलगा दुबईला असतो, व्हॉट्सअ‍ॅपवर निळी टिक येते पण उत्तर नाही. झेरॉक्सवर सही कोणाची लागते, सेक्रेटरीची चालेल का, म्हणजे मी जो काही आहे त्याची?